दम तीन आठवड्यांत वाढतो, हाड नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत बेळगावात आणि आसपासच्या गावांत पहाटे दुर्गामाता दौड निघते. बरेच जण अनवाणी धावतात. वर्षभर मोटारसायकलवरून फारसे खाली न उतरलेले पाय एकदम डांबर, काँक्रीट आणि पेव्हरवर रोज आपटू लागतात. तिसऱ्या-चौथ्या माळेला कुणाची टाच बोलते, कुणाची पोटरी, कुणाचा चवडा. याच सुमारास पाऊस उघडतो आणि लष्कराच्या, पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी मुले-मुली मैदानात उतरतात. त्यांची नडगी दुखायला लागते ती साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. दोन्हीकडचे दुखणे वेगळे दिसले तरी मूळ एकच आहे, आणि त्यावर आपल्याकडे सर्रास केले जाणारे दोन उपाय, म्हणजे एक इंजेक्शन घेऊन पुन्हा धावणे किंवा महिनाभर खाटेवर पडून राहणे, दोन्ही चुकीचे आहेत. म्हणून हे पत्र.

धावायला लागल्यावर दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो. छाती भरून येत नाही, मग माणसाला वाटते की आपण तयार झालो. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. पण टाचेमागची दोरीसारखी शीर (अकिलीस टेंडन), तळव्याचा पट्टा आणि हाड यांना काही महिने लागतात. हाडाचे तर विशेषच आहे. भार वाढला की शरीर आधी जुने हाड पोखरून काढते आणि मग नवे भरते, आणि हे चक्र पुरे व्हायला तीन-चार महिने जातात. दगडी भिंत दुरुस्त करताना आधी सैल दगड काढावे लागतात आणि त्या दोन-चार दिवसांत भिंत सर्वात कच्ची असते, तसेच हे. नेमक्या त्याच कच्च्या काळात दम आलेला मुलगा वेग वाढवतो. आठवड्याला दहा टक्केच वाढवा हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण त्याला फार चिकटून बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एक साधी गोष्ट पाळावी. गेल्या महिन्याभरात एका दमात जितके जास्तीत जास्त अंतर धावलात, त्याच्या फार पुढे एका दिवसात जायचे नाही. महिनाभर ४ किलोमीटर धावणाऱ्याने रविवारी मित्रांच्या नादाने १० केले, की पुढच्या आठवड्याची सोय झाली.

अनवाणी धावणे हा श्रद्धेचा भाग आहे, ते सोडा असे सांगायला आम्ही बसलो नाही. बूट काढले की पाऊल टाचेऐवजी चवड्यावर पडू लागते. गुडघ्यावरचा भार त्याने कमी होतो, पण तो पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याची लांब हाडे यांच्यावर जातो. म्हणून तयारी हवी. नवरात्राच्या चार आठवडे आधीपासून एक दिवसाआड १० मिनिटे अनवाणी चालावे, आधी गवतावर किंवा दाबलेल्या मातीवर. दुसऱ्या आठवड्यात २० मिनिटे चालणे. तिसऱ्यात त्या २० मिनिटांत एकेक मिनिटाचे चार-पाच हळू तुकडे धावायचे. चौथ्यात तेच डांबरावर. ज्यांचे आठवडे हातचे गेले आहेत त्यांनी पहिले दोन दिवस निम्म्या मार्गापर्यंत जावे, घरापासून दौडीपर्यंतचे जाणे-येणे चपलेत करावे आणि चवड्याला चिकटपट्टी लावावी. हातपाय गार असताना घोषणेच्या आवेशात पहिल्याच चढाला जोर करू नये, पोटरीचा स्नायू फाटतो तो तिथेच. काच किंवा खिळा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच मिनिटे धुवावी. धनुर्वाताचा शेवटचा डोस घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर अशा मळक्या जखमेला नवा डोस लागतो. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी मात्र अनवाणी धावूच नये. तिथे तडजोड नाही.

आता टाचेकडे येऊ, कारण धावणारे नसलेलेही निम्मे लोक इथेच अडकतात. सकाळी अंथरुणातून उतरल्यावर पहिली पाच-दहा पावले टाचेच्या खालच्या-आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखे होते, मग चालता चालता सैल पडते, आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा तेच. हे टाचेपासून बोटांच्या बुडापर्यंत ताणलेल्या तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे. एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखे टोक दिसते आणि घरी निरोप जातो, 'हाड वाढलंय'. ते टोक कधीही टाच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसते. ते काढून टाकायच्या मागे लागू नये. खरी कारणे वेगळी असतात: घट्ट पोटऱ्या, वाढलेले वजन, कठीण जमिनीवर तासन् तास उभे राहणे, अचानक वाढलेले चालणे. वडगाव-शहापूरला मागावर उभे राहणारे, हॉटेलात भट्टीपाशी उभे असणारे, घरात शहाबादी फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणाऱ्या बायका, या सगळ्यांना हे होते.

उपाय स्वस्त आहे, पण चिकाटीचा. सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी, अंथरुणातच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटे हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याला चाचपले तर पट्टा तारेसारखा ताणलेला लागला पाहिजे. दहा मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा. दिवसातून तीन वेळा. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, ३० सेकंद, तीन वेळा गुडघा ताठ ठेवून आणि तीन वेळा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि आतला थर गुडघा वाकवल्याशिवाय ताणला जात नाही. दोन आठवड्यांनी ताकदीचा व्यायाम सुरू करावा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा टेकवायचा, बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटे वर वळलेली राहतात. तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत थांबायचे, तीन मोजत खाली. असे १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. १२ सहज होऊ लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घालून १०, पुढे आणखी वजन वाढवून ८. नुसते ताणणारे पुष्कळ भेटतात, वजन घेऊन पट्टा बळकट करणारे थोडे. म्हणून दुखणे परत परत येते. संध्याकाळी ठणकत असेल तर गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली १० मिनिटे फिरवावी. घरात मऊ, टाचेला थोडी उंच अशी स्लीपर घालावी.

अथणीच्या चामडी चपलेचा आपल्याला अभिमान आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात बेळगाव जिल्ह्याचाही वाटा आहे. पण तिचा तळ सपाट आणि कडक, टाचेला आधार शून्य. टाच दुखत असेतो ती लग्नाकार्यापुरती ठेवावी.

टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले की काही आठवडे छान वाटते. परंतु वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ होते, पट्टा तुटण्याचीही भीती असते. घ्यायचेच झाले तर एक, तेही व्यायाम चालू ठेवून, आणि नंतरचे दोन आठवडे धावणे बंद. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, पण हिशेब महिन्यांचा असतो, दिवसांचा नाही. मात्र प्रत्येक टाचदुखी हीच नसते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि जोरात कळ आली तर टाचेच्या हाडाला चीर असू शकते. तिशीच्या आतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा-एक तास आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावे. रात्री जळजळ, मुंग्या येत असतील तर गोष्ट नसेची आहे. आणि आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागच्या बाजूला दुखत असेल तर ती वाढत्या हाडाची तक्रार. खेळ थोडा कमी केला की वयाबरोबर जाते, घाबरू नये.

भरतीवाल्या मुलांचा विषय याहून गंभीर आहे. लष्कराच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केले तर पूर्ण गुण. म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांत. हे गणित डोक्यात ठेवून मुले रोज पहाटे १६०० मीटर जीव तोडून धावतात आणि घड्याळ बघतात. रोज परीक्षाच द्यायची, अभ्यास कधीच नाही, असा हा प्रकार. आठवड्यात जोराचे दिवस दोनच असावेत: एकदा ४०० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटे चालणे, आणि एकदा २०० मीटरचे तुकडे किंवा एखादा चढ. दोन-तीन दिवस शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतके हळू धावायचे, २० ते ४० मिनिटे. एक दिवस ताकदीचा: बैठका, एका पायावर पोटरी उचलणे, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम. एक दिवस पूर्ण सुटी. १६०० मीटरची वेळ पंधरा दिवसांतून एकदा घ्यावी.

नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले तर अंगठ्याने वरून खाली दाबत जावे. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल, धावायला सुरुवात करताना दुखून नंतर कमी होत असेल, तर ते नडगीच्या आवरणाचे दुखणे, मैदानावरच्या भाषेत शिन स्प्लिंट. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवता येत असेल, धावत जाऊ तसे वाढत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचे धरून चालावे आणि त्याच दिवशी धावणे थांबवावे. इथे एक फसगत नेहमी होते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही. घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटके करू नकोस, आणि मुलगा परत धावतो. शंका असेल तर एमआरआय, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. चवड्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या लांब हाडालाही अशीच चीर जाते. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या सर्जनने १८५५ मध्ये कवायतीने सुजलेल्या सैनिकांच्या पावलांचे वर्णन केले, पुढे तिला मार्च फ्रॅक्चर हे नाव पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या गावात हे नाव सर्वांना ठाऊक असायला हवे. ही चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. परंतु नडगीच्या पुढच्या धारेवरची, घोट्यापुढे पावलाच्या उंचवट्यावरची आणि करंगळीच्या हाडाच्या बुडाजवळची चीर हट्टी असते. त्या तिन्हींना अस्थितज्ज्ञच हवा, घरगुती विश्रांतीवर सोडू नये.

मुलींच्या बाबतीत आईने एक गोष्ट विचारावी. तयारी सुरू झाल्यापासून पाळी बंद झाली आहे का? वजन उतरावे म्हणून जेवण कमी करणे आणि मैदानावर मेहनत वाढवणे एकत्र आले की शरीर आधी पाळी बंद करते आणि मग हाडातून वसुली करते. तीन महिने पाळी आली नाही तर धावण्याचे वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, आणि ताटातली भाकरी वाढवावी. मुलांनाही हाच नियम, फक्त त्यांच्यात खूण दिसत नाही.

थांबायचे म्हणजे झोपून राहायचे नाही. सायकल, पोहणे, दुखत नसेल तर चालणे चालू ठेवावे, दम टिकतो. सलग काही दिवस ३० मिनिटे भरभर चालून दुखले नाही, की एक मिनिट हळू धावणे व दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, एक दिवसाआड. मग दोन-दोन मिनिटे, मग तीन धावणे-एक चालणे. दुखणे दहापैकी किती ते मनाशी ठरवावे: शिरेच्या आणि टाचेच्या दुखण्यात तीनपर्यंत चालते, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्वीच्या पातळीवर आले पाहिजे. हाडाच्या दुखण्यात एकही चालत नाही.

टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, सकाळी आखडते आणि मध्येच गाठ लागते. तिला मालिश आवडत नाही, वजन आवडते. पायरीच्या कडेवर दोन्ही पायांनी वर जायचे आणि दुखऱ्या एका पायाने हळू खाली यायचे, १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा ताठ. तेच गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हिशेब केला तर रोज १८० होतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात. दुखणे अगदी हाडाला चिकटण्याच्या जागी असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच करावे, टाच खाली जाऊ देऊ नये. आणखी एक: औषधाच्या दुकानातून जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्या जातीतले औषध परस्पर घेतले जाते. त्याने ही शीर कमजोर होऊन तुटू शकते, साठीपुढच्यांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत जास्त. मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले, 'टक्' आवाज झाला, तर पालथे झोपवून पोटरी दाबून बघावी. पाऊल हलले नाही तर शीर तुटली आहे, त्याच दिवशी इस्पितळ.

घोटा मुरगळला की आपल्याकडे पाय ओढून 'बसवायला' नेतात. तो उतरलेलाच नसतो, बाहेरच्या बाजूचे बंध ताणलेले किंवा फाटलेले असतात, आणि ओढल्याने ते आणखी फाटतात. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, करंगळीच्या हाडाच्या बुडाशी, किंवा आतल्या बाजूला पावलाच्या उंच हाडावर बोटाने दाबून दुखत असेल, अथवा लंगडत का होईना पण चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. नाही तर क्रेप पट्टी, पाय उंच, पहिले दोन दिवस शेक-मालिश-दारू बंद, आणि तिसऱ्या दिवसापासून घोटा हलवणे, सोसेल तसा भार. सूज गेली म्हणजे बरा झाला असे नव्हे. दात घासताना त्या पायावर एक मिनिट उभे राहण्याचा सराव दोन महिने केला नाही तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे जिना आणि राजहंसगडाचा उतार उतरताना कळते. मांडी आणि कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट करावेत, पावले लांब टाकू नयेत, मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्के वाढवावीत.

बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय दिवसभरात सुजतो. उभे राहून सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाही तर उतारावर नखे काळी पडतात. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ वरून चांगला दिसला तरी आतून बसलेला असतो. भिजलेले बूट गॅसजवळ वाळवू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत (आपल्या अंकाचा हाही उपयोग आहे). आणि धावण्याआधी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी किंवा इंजेक्शन कधीही नको. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, शिवाय चीर पडलेल्या हाडाची कळ दाबून टाकते.

आपल्याकडे एक विनंती. दौडीचा मार्ग छापताना त्याखाली मधुमेहींसाठीची आणि धनुर्वाताची सूचना दोन ओळींत द्यावी. महापालिकेला व ग्रामपंचायतींना आमचे मागणे एवढेच की जिथे मुले पहाटे धावतात त्या मैदानांच्या कडेने खडी वेचून दाबलेल्या तांबड्या मातीची दोन मीटर रुंद पट्टी करावी आणि पाच वाजल्यापासून दिवे लावावेत. निम्मे घोटे अंधारातल्या खड्ड्यानेच मुरगळतात. एकाच बाजूने गोल धावल्याने वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या पायावर वेगळा भार पडत राहतो. त्यासाठी फाटकावर एक पाटी पुरेल: सम तारखेला उजवीकडून, विषम तारखेला डावीकडून.

आपले,
धावणाऱ्यांवर उपचार करणारे काही फिजिओथेरपिस्ट व क्रीडा प्रशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव